जकात हे निमित्त: साउथ कॅरोलायना, 1832

1830 च्या जनगणनेत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्याची लोकसंख्या 5,81,185 भरली. त्यातले 3,15,401 गुलाम. शंभरातली चोपन्न माणसं दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीची. समुद्रकाठच्या भातशेतीच्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण शेकडा ऐंशीच्याही वर होतं.

दोन वर्षांनी, 24 नोव्हेंबर 1832 रोजी, राज्याच्या राजधानीत कोलंबियाला खास निवडून आलेल्या परिषदेने 136 विरुद्ध 26 मतांनी एक ठराव केला. केंद्राचे 1828 आणि 1832 चे जकात कायदे, म्हणजे परदेशी मालावर आयातकर लावणारे कायदे, आमच्या हद्दीत रद्दबातल. 1 फेब्रुवारी 1833 पासून ती जकात इथे वसूल होणार नाही. या बाबतीत सुप्रीम कोर्टात अपील चालणार नाही. राज्याचे अधिकारी आणि ज्युरीत बसणारे यांनी ठराव पाळण्याची शपथ घ्यायची. आणि केंद्राने बळजबरी केलीच, तर आम्ही संघराज्यातून बाहेर. केंद्राचा कायदा एखाद्या राज्याने आपल्यापुरता मोडीत काढायचा, याला त्या काळी 'नलिफिकेशन' म्हणत. तोच शब्द या प्रकरणाला चिकटला.

ठराव अथपासून इतिपर्यंत जकातीबद्दल आहे. गुलामांचं नावही त्यात नाही. त्यामुळे हे प्रकरण बहुतेक ठिकाणी 'उत्तरेचे कारखानदार विरुद्ध दक्षिणेचे शेतकरी' एवढ्यावर आटोपतं. मला ते पुरेसं वाटत नाही. जकातीचं दुखणं खरं होतं, पण तेवढ्यासाठी कुणी देश मोडायला निघत नाही. जनगणनेतला तो चोपन्नचा आकडा बाजूला ठेवला की यातल्या निम्म्या गोष्टींचा अर्थच लागत नाही.

जकात आणली कुणी?

इथे पहिली गंमत. 1816 साली अमेरिकेत पहिल्यांदा खऱ्या अर्थाने संरक्षक, म्हणजे देशी कारखान्यांना परदेशी मालापासून वाचवणारी, जकात आली, तेव्हा तिची तरफदारी करणाऱ्यांत साउथ कॅरोलायनाचा जॉन कॅल्हून पुढे होता. पुढे नलिफिकेशनचं सगळं शास्त्र रचणारा तो हाच. इंग्लंडशी 1812 साली सुरू झालेलं युद्ध नुकतंच संपलं होतं. ते व्हावं म्हणून आग्रह धरणाऱ्या तरुण खासदारांतही कॅल्हून होता. युद्धात नाविकबंदीने व्यापार ठप्प झाला, सैन्याला वेळेवर रसद पोचवायला धड रस्ते नाहीत हे कळलं, आणि आपला देश म्हणजे कच्च्या दोऱ्याने बांधलेली मोळी आहे याची जाणीव अनेकांना झाली. फेब्रुवारी 1817 मध्ये कॅल्हून संसदेत म्हणाला, रस्ते आणि कालवे यांनी हे प्रजासत्ताक एकत्र बांधून टाकू या. राष्ट्रवाद म्हणतात तो हाच, आणि त्या वेळी तो दक्षिणेच्या तोंडी होता.

त्या 1816 च्या जकातीचा एक धागा थेट हिंदुस्तानात येतो. सुती कापडावर जकात 25 टक्के ठरली, पण सोबत एक पाचर मारून ठेवली: कापड कितीही स्वस्त असलं तरी त्याची किंमत चौरस वाराला 25 सेंट धरूनच जकात लावायची. म्हणजे किमान सव्वासहा सेंट. दहा सेंटांच्या कापडावर हे साडेबासष्ट टक्के झाले. इतकं स्वस्त, जाडंभरडं कापड मुख्यतः येत होतं हिंदुस्तानातून. बोस्टनजवळच्या वॉल्थमला नुकतीच गिरणी काढलेल्या फ्रान्सिस कॅबट लॉवेलने या कलमासाठी वॉशिंग्टनला खेटे घातले होते. दक्षिणेच्या लोकांना त्याचा मुद्दा पटण्यासारखाच होता: हिंदुस्तानी कापड हिंदुस्तानी कापसाचं, ते बंद झालं तर आमच्या गिरण्या तुमचा कापूस घेतील. आपल्या विणकरांना जगभर जे धक्के बसत होते, त्यातला हा एक धक्का असा गुलामांनी वेचलेल्या कापसाच्या हिशोबातून आलेला.

आणि गिरण्यांनी खरोखरच तो कापूस घेतला. लॉवेलच्या नावाने वसलेल्या गावात 1823 पासून कापड निघू लागलं. त्यातलं स्वस्त कापड परत दक्षिणेत जाऊन गुलामांच्याच अंगावर चढत होतं. मळ्यांवर अशा कापडाला 'लॉवेल' हेच नाव पडलं. उत्तर दक्षिणेपासून तुटलेली होती, असं म्हणायला फारशी जागा नाही.

शंभरातल्या चाळीस गाठी

मग कॅल्हूनचं राज्य पंधरा-सोळा वर्षांत का फिरलं? भाव पडले म्हणून, हे पहिलं उत्तर. 1818 साली कापूस पौंडाला 30 सेंटांच्या घरात होता. 1819 च्या मंदीत तो कोसळला आणि 1820 च्या दशकाच्या अखेरीस दहा सेंटांच्या आसपास घुटमळत होता. याच काळात जकात मात्र चढत गेली: 1824 ला एकदा, 1828 ला पुन्हा. 1828 च्या कायद्यानंतर जकातपात्र मालावरचा सरासरी दर 60 टक्क्यांच्या वर गेला. दक्षिणेने त्या कायद्याचं नावच 'घृणास्पद जकात' असं ठेवलं. तो संमत कसा झाला ही वेगळी कथा आहे. दक्षिणेच्या खासदारांनी त्यात कच्च्या मालावरची जकात मुद्दाम अवाच्या सवा राहू दिली. ईशान्येकडचे, गिरण्यांच्या राज्यांतले न्यू इंग्लंडवाले वैतागून विरोधात मत देतील आणि विधेयक पडेल असा डाव. तो अंगाशी आला.

साउथ कॅरोलायनाचा खासदार जॉर्ज मॅकडफी याने गावोगाव एक हिशोब पोचवला. जकात चाळीस टक्के, म्हणून तुमच्या शंभर गाठींपैकी चाळीस गाठी उत्तरेचा कारखानदार उचलून नेतो. वखारीत रचलेल्या गाठी डोळ्यांपुढे आणा आणि चाळीस बाजूला काढा. कोणत्याही शेतकऱ्याला हे कळेल. अर्थशास्त्र म्हणून हिशोब कच्चा आहे. कापूसवाला परदेशी माल किती घेतो, जकातीचा किती भार त्याच्यावर पडतो आणि किती इतरांवर सरकतो, हे सगळं त्यात गाळलंय. पण साफ खोटाही नाही. निर्यातीतून आलेल्या पैशाने जो माल घ्यायचा तो महाग झाला, तर निर्यात करणाऱ्याचं नुकसान होतंच.

भाव पडण्याचं मुख्य कारण मात्र मॅकडफीच्या भाषणात नव्हतं. ते पश्चिमेला होतं. अलाबामा आणि मिसिसिपीतल्या ताज्या काळ्या जमिनीवर एकरी कापूस कितीतरी जास्त पिकत होता. साउथ कॅरोलायनाची जमीन थकली होती. इथलेच मळेवाले, किंवा त्यांचे मुलगे, गुलामांचे तांडे घेऊन तिकडे जात होते. मागे राहिलेल्यांना आपल्याच भावकीशी भावात टक्कर द्यावी लागत होती. ज्यांना जाता येत नव्हतं ते गुलाम विकत होते. देशाची जी भरभराट आकड्यांत दिसते, त्या काळात एकूण निर्यातीचा निम्म्याच्या आसपास हिस्सा एकट्या कापसाचा झालेला दिसतो, ती या राज्याला आतून पोखरत होती. भावकीशी भांडता येत नाही. जकात नाक्याशी येतं.

आता एक कापड जवळून पाहू. गुलामांच्या हिवाळी कपड्यांसाठी लोकरीचं खरखरीत, जाडं कापड येई. व्यापारी त्याला 'निग्रो क्लॉथ' म्हणत. काही इंग्लंडमधल्या केंडलकडून, काही ऱ्होड आयलंडच्या गिरण्यांतून. आपल्याकडचं घोंगडं आठवावं, फक्त यात घेणाऱ्याची निवड नव्हती: मालक दरवर्षी माणशी ठरावीक वार मोजून देई आणि शिवणं ज्याचं त्याने. 1828 च्या कायद्यात अशा स्वस्त लोकरी कापडावर चौरस वाराला सरळ 14 सेंट जकात बसली. शंभर गुलामांचा मळा आणि माणशी सहा वार धरा, म्हणजे वर्षाला 84 डॉलर. झोंबणारी रक्कम, पण एका तरण्या गुलामाची किंमत शेकड्यांनी डॉलर असण्याच्या काळात मळा बुडवणारी नव्हे. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. जुलै 1832 च्या कायद्याने नेमकं हेच कापड वेगळं काढून त्यावरची जकात 5 टक्क्यांवर आणली. मळेवाल्यांना दिलेली ती उघड सवलत होती. तरी चार महिन्यांनी ठराव झालाच.

1822 चा उन्हाळा

इथून मागे जावं लागतं. चार्ल्सटनमध्ये डेन्मार्क व्हेसी नावाचा एक सुतार होता. 1799 साली त्याला लॉटरीत 1,500 डॉलर लागले. त्यातले 600 देऊन त्याने स्वतःला विकत घेतलं. जून 1822 मध्ये शहरात धरपकड सुरू झाली: व्हेसीच्या पुढाकाराने गुलामांचा मोठा उठाव ठरलाय, असा आरोप. सुनावणी बंद दाराआड. 35 जणांना फाशी झाली, व्हेसीला 2 जुलैला. कट नेमका केवढा होता, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे, कारण पुरावा बहुतेक त्या बंद खोलीतलाच. शहरातल्या गोऱ्यांना मात्र शंका नव्हती. घरात जेवण वाढणारा माणूस, कोचमन, शेजारचा सुतार. झोपताना दार लावलं तरी तो आतच असायचा. तेव्हा चार्ल्सटनचा नगराध्यक्ष होता जेम्स हॅमिल्टन. दहा वर्षांनी नलिफिकेशनच्या वेळी राज्याचा गव्हर्नर हाच, आणि ठराव करणाऱ्या परिषदेचा अध्यक्षही हाच.

त्याच डिसेंबरात राज्याने एक कायदा केला. बंदराला लागणाऱ्या जहाजावर स्वतंत्र काळा खलाशी किंवा आचारी असेल तर शेरीफने त्याला उतरवून तुरुंगात टाकायचं. जहाज निघेपर्यंत तो तिथेच. तुरुंगातल्या जेवणाखाण्याचा खर्च कप्तानाने भरायचा. नाही भरला, तर तो खलाशी कायमचा गुलाम म्हणून विकायचा. बाहेरची हवा आतल्या गुलामांना लागू नये, हा हेतू.

हे ब्रिटनशी झालेल्या व्यापारी कराराच्या आणि केंद्राच्या अधिकाराच्या सरळ विरुद्ध होतं. हेन्री एल्किसन या जमैकाच्या खलाशाला, म्हणजे ब्रिटिश प्रजाजनाला, असं डांबलं तेव्हा 1823 साली प्रकरण न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांच्यापुढे आलं. जॉन्सन सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश आणि चार्ल्सटनचेच रहिवासी. कायदा घटनाबाह्य आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. राज्याने ते कानाआड केलं आणि खलाशी तुरुंगात जातच राहिले. 1824 च्या डिसेंबरात राज्याच्या सिनेटने ठराव करून सांगितलं की गुलामांच्या बंडाळीपासून बचाव करण्याचं कर्तव्य सर्व कायद्यांच्या, सर्व तहांच्या, सर्व घटनांच्या वर आहे.

माझ्या मते नलिफिकेशन झालं ते इथे, 1824 ला. 1832 ला त्याला नाव आणि तत्त्वज्ञान मिळालं.

पुढच्या घटनांनी भीतीत भरच पडली. 1 जानेवारी 1831 ला बोस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसनचं 'लिबरेटर' सुरू झालं, गुलामी ताबडतोब नष्ट करा म्हणणारं. ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरचा उठाव झाला आणि पन्नासाहून अधिक गोरी माणसं मारली गेली.

तिजोरी भरली तर?

जकात आणि गुलामी यांना जोडणारी कडी तिजोरीत होती. तेव्हा केंद्राचं उत्पन्न मुख्यतः जकातीचं, थोडं जमीनविक्रीचं. राष्ट्रीय कर्ज झपाट्याने फिटत होतं. 1835 च्या जानेवारीत ते पूर्ण फिटलंही. मग तरी जकात चढीच राहिली, तर वरचा पैसा जाणार कुठे? रस्ते, कालवे, ठीक. पण 1824 ला ओहायो राज्याने गुलामांच्या टप्प्याटप्प्याने मुक्तीचा ठराव इतर राज्यांकडे धाडला होता. 1825 ला न्यूयॉर्कचे सिनेटर रुफस किंग यांनी सुचवलं की जमीनविक्रीचा पैसा गुलाम सोडवायला आणि मुक्त काळ्यांना देशाबाहेर वसवायला वापरावा. 1827 ला वसाहत संस्थेने, म्हणजे काळ्यांना आफ्रिकेत पाठवू पाहणाऱ्या मंडळाने, केंद्राकडे मदत मागितली. रक्कम फारशी नव्हती आणि योजना काळ्यांच्या हिताची होती असंही नाही. पण मळेवाल्याला त्यातून एवढंच ऐकू आलं: केंद्राकडे पैसा आहे, आणि या विषयात हात घालण्याचा हक्क आहे असं कुणीतरी म्हणतंय.

कॅल्हूनने हे खासगीत लपवलं नाही. 1830 च्या सप्टेंबरात व्हर्जिल मॅक्सी या मित्राला त्याने लिहिलं की जकात हे निमित्त आहे, खरं कारण नव्हे. दक्षिणेची ती विशिष्ट घरगुती संस्था हेच मूळ आहे. त्या वेळी तो देशाचा उपाध्यक्ष होता. 'घरगुती संस्था' हा गुलामीसाठीचा त्याचा आवडता शब्द. घर म्हटलं की बाहेरच्याने बोलायचं नाही.

नकाशाही हेच सांगतो. सगळ्यात कडवे ठरावसमर्थक समुद्रकाठच्या भातमळ्यांवर होते, आणि कापसाइतका मार तांदळाच्या भावाला बसला नव्हता. डोंगराकडच्या ग्रीनव्हिल, स्पार्टनबर्गमध्ये गुलाम कमी. तिथे ठरावाला विरोध करणाऱ्या संघराज्यवाद्यांचा जोर. हा नियम सगळीकडे लागू पडत नाही हे खरं. कॅल्हूनचं घर डोंगराकडेच होतं, आणि चार्ल्सटनचे बरेच व्यापारी ठरावाच्या विरोधात होते. त्यांच्यातल्या जोएल पॉइन्सेटने वॉशिंग्टनला गुपचूप खबर पुरवली. नाताळात मिळणारं लाल पानांचं पॉइन्सेटियाचं झाड याच गृहस्थाने मेक्सिकोहून आणलं होतं.

जॅक्सन

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी बाजू आधीच दाखवली होती. 13 एप्रिल 1830 ला जेफरसन जयंतीच्या मेजवानीत कॅल्हूनकडे बघत त्यांनी पेला उचलला: आपलं संघराज्य, ते टिकलंच पाहिजे. कॅल्हूनचं उत्तर: संघराज्य, आमच्या स्वातंत्र्याखालोखाल सर्वांत प्रिय. त्याच जानेवारीत सिनेटमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या डॅनियल वेबस्टरने साउथ कॅरोलायनाच्या रॉबर्ट हेनला उत्तर देताना स्वातंत्र्य आणि संघराज्य अविभाज्य असल्याचं ते गाजलेलं भाषण केलं होतं. वेबस्टर 1824 ला जकातीच्या विरोधात होता आणि 1828 ला बाजूने. मतदारसंघात गिरण्या उभ्या राहिल्या की राष्ट्राची व्याख्याही बदलते.

10 डिसेंबर 1832 च्या जाहीरनाम्यात जॅक्सन म्हणाले की कायदा मोडीत काढण्याचा हक्क राज्याला मानणं घटनेशी विसंगत आहे आणि सशस्त्र फुटून निघणं हा देशद्रोह. चार्ल्सटनच्या किल्ल्यांवर कुमक गेली, जनरल विनफील्ड स्कॉट पाहणीला गेले. शक्कल साधी होती: जकात नाका किल्ल्यात किंवा जहाजावर हलवायचा, आणि बंदरात माल उतरण्याआधीच जकात रोख घ्यायची. मग राज्याच्या कोर्टांनी आणि शपथबद्ध ज्युरींनी करायचं काय? दुसरीकडे हेन गव्हर्नर झाला आणि पंचवीस हजारांच्या आसपास स्वयंसेवकांनी नावं नोंदवली. कॅल्हूनने 28 डिसेंबरला उपाध्यक्षपद सोडलं आणि हेनच्या रिकाम्या सिनेट जागेवर येऊन बसला.

पण जॅक्सनना गुलामीचा शत्रू समजू नका. टेनेसीतल्या त्यांच्या मळ्यावर शंभराच्या आसपास गुलाम होते. त्याच वर्षी, मार्च 1832 मध्ये, सुप्रीम कोर्टाने चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या प्रदेशात जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत असा निकाल दिला. जॉर्जियाने तो धुडकावला आणि जॅक्सननी काही केलं नाही. चेरोकींची जमीन सुटली की तिच्यावर कापूस पिकणार होता. त्यांना हुसकण्याचा 1830 चा कायदा जॅक्सनचाच. राज्याने केंद्राच्या न्यायालयाला न जुमानणं एका ठिकाणी देशद्रोह, दुसऱ्या ठिकाणी डोळेझाक. जॅक्सनच्या राष्ट्रवादात गुलामांना मुक्त करायला जागा नव्हती, आणि दक्षिणेतल्या इतर राज्यांना हे ठाऊक होतं. साउथ कॅरोलायनाच्या पाठीशी एकही राज्य उभं राहिलं नाही, त्याचं मोठं कारण हेच असावं.

2 मार्च 1833

जानेवारीतच चार्ल्सटनच्या पुढाऱ्यांनी सभा घेऊन ठरावाची अंमलबजावणी पुढे ढकलली होती. एकटं पडल्याचं कळलं होतं. केंटकीचा सिनेटर हेन्री क्ले याने कॅल्हूनशी जुळवून तडजोड घडवली. 20 टक्क्यांवरची जेवढी जकात असेल तिचा दहावा हिस्सा दर दोन वर्षांनी कापायचा, आणि उरलेली 1842 मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने दोन समान हप्त्यांत. सोबत जकातवसुलीसाठी लष्कर वापरण्याची परवानगी देणारं 'फोर्स बिल'. सिनेटमध्ये त्याच्या विरोधात पडलेलं एकमेव मत व्हर्जिनियाच्या जॉन टायलरचं. जॅक्सननी दोन्हींवर एकाच दिवशी सही केली.

मार्चच्या मध्यावर कोलंबियात परिषद पुन्हा भरली. जकातीविरुद्धचा ठराव तिने मागे घेतला, आणि तीन दिवसांनी फोर्स बिल मात्र रद्दबातल ठरवून टाकलं. ज्या कायद्याची आता गरजच उरली नव्हती तो मोडीत काढून अब्रू राखली. दोन्ही पक्षांनी विजय साजरा केला.

खलाशांना तुरुंगात टाकणाऱ्या कायद्याबद्दल या तडजोडीत एक अक्षर नव्हतं. तो मागे घ्या असं कुणी म्हटलं नाही. उत्तरेच्या जहाजांवरचे काळे आचारी चार्ल्सटनच्या कोठडीत आपल्या जेवणाचा खर्च कप्तान भरतोय की नाही याची वाट पाहत राहिले.

20 डिसेंबर 1860 ला साउथ कॅरोलायना खरोखरच संघराज्यातून फुटलं. चार दिवसांनी परिषदेने कारणांचं निवेदन प्रसिद्ध केलं. त्यात जकात नाही. गुलामी पानोपानी आहे. आणि पळालेले गुलाम परत करण्याचा केंद्राचा कायदा उत्तरेची राज्यं पाळत नाहीत, केंद्राचे कायदे मोडीत काढणारे कायदे ती करतात, अशी तक्रार राज्यांची नावं घेऊन केलेली आहे. तिथे वापरलेलं क्रियापद 1832 चंच आहे.